देव आणि दिव्यातलं अंतर

गंगेच्या काठी एक गल्ली होती. गल्लीच्या टोकाला एक घर होतं. घरात तीन बायका राहात होत्या: सासू, सून आणि नात. सासू मी, भीमाबाई. सून रंजना, नात वैशाली. वैशालीचा बाप ती लहान असतानाच आजारानं गेला, तेव्हा घरात पुरुष नव्हता. पण एक पाहुणी होती. पावसाळ्यात न विचारता यायची, दारातून आत शिरायची, भांडीकुंडी तपासायची, आणि जाताना घरभर गाळ ठेवून जायची. ती पाहुणी म्हणजे गंगाच. कागदावर तिला गोदावरी म्हणतात. आम्ही नाशिकवाले गंगाच म्हणतो.

पूर ओसरल्यावर गाळ काढायला बसलं की एक थर निघतो, खाली दुसरा असतो. किस्स्यांचं तसंच आहे. मी ज्या इमारतीत झाडलोट करायचे तिथं देवरे सरांनी पुराचा वर्ग काढला, आणि तेव्हापासून किस्से इतके साचले की आता कुठून खरवडावं कळत नाही. मी शाळेची पायरी चढले ती हातात झाडू घेऊनच, त्यामुळं लिहिणं वैशालीचं, सांगणं माझं.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे पुढं कोड्यात पडायला नको. आमचं घर निळ्या रेषेच्या आत. निळी रेषा म्हणजे नदीचं अंगण, तिथं घर असूच नये. त्याच्या बाहेर लाल रेषा, ती नदीची ओसरी, तिथं ती कधीमधी येऊन बसते. आम्ही अंगणात राहणारी माणसं. वैशालीला या वर्गातल्या शिक्षणावर नोकरी लागली तरच आम्ही तिघी तिथून निघणार होतो. दुसरा रस्ता नव्हता.

*

देवरे सर सटाण्याकडचे. सरकारी नोकरीत नद्या मोजता मोजता केस पिकले, मग निवृत्त होऊन इथं वर्ग घेतला. पूर कुठपर्यंत येतो, कुठं घर बांधू नये, माणसं कधी हलवायची, कशी हलवायची, हे पोरांना शिकवायचं. दोन वर्षांचा कोर्स. पहिल्या बॅचला अकरा पोरं. त्यात आमची वैशाली, सुरगाण्याचा वसंता आणि कॉलेज रोडचा रोहन. हे तिघं माझ्या चहाचे पक्के गिऱ्हाईक.

पहिल्या दिवशी सरांनी सगळ्यांना घाटावर नेलं आणि पायरीवर बसवलं. वही नाही, पेन नाही. दोन तास नुसतं पाणी बघायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी रोहनचे वडील मोटारीतून आले.

"सर, मी पोरगं शिकायला पाठवलंय का पाणी बघायला?"

"पाणी बघायलाच पाठवलंय साहेब," सर म्हणाले. "तुम्हाला पत्रक नीट वाचायला मिळालं नसेल."

"मग पुस्तक कधी उघडणार?"

सरांचं डोकं फिरलं की ते आपल्या गावच्या बोलीवर जायचे. "नदी शे ती, भाऊ. तिले घाई नही शे."

वडील गाडीत जाऊन बसले. गाडी काढताना मला विचारलं, "मावशी, या कोर्सनंतर नोकरी तरी असते का?"

मी म्हटलं, "मलाबी तेच विचारायचं हाय."

*

वर्गाला पहिलं घर मोजायला मिळालं ते आमचं. उन्हाळा होता. माझ्या घराच्या भिंतीवर गेरूच्या रेघा होत्या. पूर ओसरला की पाण्याची ओल जिथं थांबली तिथं मी बोटानं गेरूची रेघ ओढायची, ही माझ्या सासूची रीत. साल मला कळत नाही, पण कुठली रेघ कधीची ते तोंडपाठ. ही रंजना लग्न होऊन आली त्या साली. ही वैशाली पाळण्यात होती तेव्हा. ही गल्लीत नळ आला तेव्हा.

रोहननं हातात फळी आणि कागद धरून विचारलं, "आजी, सगळ्यात मोठा पूर कुठपर्यंत आला होता?"

"त्याची रेघ नाय. त्या साली गेरूचा डबाच वाहून गेला."

"मग कसं सांगणार?"

"देव भिजले नाय, पण दिवा विझला."

रोहन लिहिता लिहिता थांबला. त्याला वाटलं म्हातारीनं गाणं सुरू केलं. पण सर लगेच उठले. "मावशी, देव तेव्हा कुठं होते?"

आमच्याकडं देवांची फळी दर मोठ्या पुरानंतर वर सरकायची. आता ती पार पत्र्याला टेकली होती. पूजा करायला मी स्टुलावर चढायची, एका हातानं भिंत धरायची आणि दुसऱ्या हातानं अंदाजानं फुलं टाकायची. गुडघे गेले, डोळ्यांत मोतीबिंदू, पण देव खाली आणायचं धाडस नव्हतं. मी सरांना भिंतीतली जुन्या खिळ्यांची भोकं दाखवली. तेव्हा फळी या भोकांवर होती. दिवा त्याच्या खालच्या कोनाड्यात.

सर पोरांकडं वळले. "लिहा. देव आणि दिवा यांच्यातलं अंतर मोजा. पाणी त्याच्या मधे कुठंतरी."

टेप लावला. एक वीत आणि चार बोटं निघाली. सर म्हणाले की सरकारी कागदात त्या पुराचा जो आकडा आहे तो बरोबर याच वितीत बसतो. त्या दिवसापासून वर्गात एखाद्याचं उत्तर ढोबळ आलं की सर म्हणायचे, "देव आणि दिव्याच्या मधे आहे, चालेल."

*

मग पोरं गल्लीत फॉर्म घेऊन फिरली. फॉर्मात प्रश्न होता, तुमच्या घरात पुराचं पाणी येतं का. चाळीस घरं झाली, चाळीस घरांनी सांगितलं, नाही.

वैशाली कपाळाला हात लावून बसली. "सर, मी याच गल्लीत राहते. मी स्वतः या लोकांबरोबर शाळेच्या वर्गात झोपलेय."

सगळ्यात कमाल आमच्या शेजारच्या श्रीपतअण्णांची. त्यांच्या भिंतीवर ओल अजून वाळली नव्हती. वसंता फॉर्म घेऊन गेला तेव्हा अण्णा बरोबर त्या ओलीला पाठ लावून उभे राहिले. वसंतानं डावीकडं मान वाकडी केली, अण्णा डावीकडं सरकले. उजवीकडं केली, उजवीकडं सरकले.

"अण्णा, जरा बाजूला होता का?"

"नाय. मला उभं राहायला हितंच बरं वाटतं."

"किती वेळ उभे राहाल?"

"तू जाशील तवर."

भीती एकच. पाणी येतं म्हटलं की घर काढतील. हेच अण्णा, मागल्या पावसाळ्यात मदतीचे पंचनामे करायला माणूस आला तेव्हा, स्टुलावर उभं राहून छताच्या वाशाला बोट लावत होते. "हितपर्यंत आलं साहेब."

सरांनी दोन्ही फॉर्म फळ्यावर शेजारी शेजारी टाचले. "पुराआधी पाणी येतच नाही, पुरानंतर वाशाइतकं. दोन्ही एकाच माणसाची सही. हा माणूस खोटारडा नाही. त्याला घर पाहिजे. तुम्ही आधी ते समजून घ्या, मग आकडे."

*

माणसं हलवायचा सराव घ्यायचा ठरलं. इमारतीत भोंगा वाजवायचा, पाणी चढतंय असं समजायचं, आणि एकेका पोरानं एकेक माणूस बाहेर काढायचा. हट्टी म्हातारीचं काम मला दिलं. सर समजावायला लागले, "मावशी, तुम्ही सहज निघायचं नाही, जरा आढेवेढे घ्यायचे."

मी म्हटलं, "सर, हे मला नका शिकवू."

माझ्या वाट्याला रोहन आला. पंधरा मिनिटं त्याला दिली होती.

"आजी, चला, पाणी येतंय."

"आलं का? बरं. नैवेद्य राहिलाय."

"आजी, नंतर दाखवा."

"देवाला नंतर म्हणतोस? तुझ्या घरी चालतं?"

तो देव्हारा नसलेल्या खोलीत हात जोडून उभा राहिला. मी पाच मिनिटं नैवेद्य दाखवला. मग कुलूप सापडेना. मग किल्ली सापडेना. मग मी म्हटलं, "तू जेवलास का रे? तोंड सुकलंय." तो म्हणाला नाही. मी डब्यातली भाकरी काढली. भूक लागली होती बिचाऱ्याला, बसला.

सर घड्याळ घेऊन दारात आले. "रोहन, तू आणि मावशी दोघंही वाहून गेलात. भाकरी संपव आणि बाहेर ये."

त्यानंतर गाव खाली करायचा लेखी आराखडा करायला सांगितला. वसंतानं पहिल्याच ओळीत लिहिलं, आधी शेळ्या हलवाव्यात. सरांनी लाल पेनानं काट मारली. "माणसं आधी."

वसंता हळू बोलणारा, डोंगरातला पोरगा. त्याच्या घरचे भात कापून झाला की दरसाल गुजरातला कामाला जायचे. एकदा रोहननं विचारलं, तुमच्या नदीचं पाणी कुठं जातं, तर म्हणाला, "गुजरातला. माणसं पण तिकडंच." तो उभा राहिला. "सर, आधी बाया हलवल्या तर त्या शेळीसाठी परत येतात. आधी शेळ्या वर नेल्या तर बाया आपोआप मागं येतात. आमच्या नाल्याला दोन वेळा झालंय. एक वेळा बाई परत गेली होती."

सरांनी स्वतःच्याच लाल रेघेवर काट मारली आणि खाली सही केली.

*

त्या पावसाळ्यात गंगा आली. फार मोठी नाही, पण आली. धरणातून पाणी सोडल्याची गाडी ओरडत गेली, आम्ही पीठ, तांदूळ, कागदपत्रं वर चढवली, आणि शाळेत जाऊन बसलो. किती वेळा चढवली आणि किती वेळा उतरवली, त्याची मोजदाद कुणा सरांकडं नाही. त्या वेळी मात्र पहिल्यांदा पिठाचा डबा माझ्या डोक्याच्या वर जाईना. मी वैशालीला म्हटलं, "पोरी, पुढल्या साली हे माझ्याच्यानं होईल असं वाटत नाय." तिनं डबा माझ्या हातातून घेतला.

पाणी उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी सर पोरांना घेऊन आले, ओल ताजी असताना मोजायची म्हणून. रंजना सिन्नरच्या कारखान्यात पॅकिंगला जायची, ती पहाटेच्या एसटीनं गेलेली. पोरांना सगळी घाई. वैशालीनं मी ओढलेली नवी रेघ मोजली, वहीत लिहिली.

आणि रोहननं सरांचा ओळंबा हरवला. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं पितळी वजन, भिंत सरळ आहे का बघायचं. मी तो कधी पाहिला नव्हता, मला वाटायचं तराजूतल्या वजनासारखा असेल, सरांच्या पिशवीत कापडात गुंडाळलेला असायचा. सरांच्या गुरुजींनी त्यांना दिलेला. गुरुजींच्याच हातून एकदा पडून एका बाजूला पोचा आलेला. रोहनच्या हातात दोरी तेवढी राहिली.

"कुठं पडला?" सरांनी विचारलं.

"याच गल्लीत कुठंतरी, सर. तीन घरं केली आपण."

पोरांनी संध्याकाळपर्यंत तीन घरांचा गाळ चाचपला. सर एका शब्दानं रागावले नाहीत. रागावले असते तर रोहनला बरं वाटलं असतं. पुढं कोर्स संपेपर्यंत सर त्याला काही द्यायचं झालं, अगदी खडू द्यायचा झाला, तरी आधी त्याच्या दोन्ही हातांकडं बघायचे आणि मग वसंताच्या हातात द्यायचे.

*

गाळ काढायचं काम रंजनाचं. रविवारची सुट्टी त्यातच जायची. त्या रविवारी ती दाराशी घमेलं भरता भरता थांबली.

"आत्याबाई, हे बघा काय."

चिखलानं माखलेलं, निमुळतं, जड. तिनं चिंच लावून घासलं तर पितळ झळाळलं. छोटासा कळस. कुठल्या तरी काठच्या देवळीचा वाहून आलेला असणार. एका बाजूला पोचा होता, म्हटलं येताना दगडावर आपटला असेल.

गंगेनं घरात आणून दिलेला देव परत पाण्यात सोडत नाहीत. आजवर तिनं नेलंच होतं, दिलं कधी नव्हतं. रंजनानं स्टुलावर चढून फळीवर तांदळाचा ढीग केला, त्यात कळस उभा केला. मी रोज अंदाजानं हळदकुंकू वाहायला लागले.

*

वैशालीला कळवणहून पाहुणे बघायला आले. घर चांगलं, द्राक्षाची बाग, मुलगा बँकेत. रंजनानं पोहे केले. मुलाच्या आईनं विचारलं, "मुलगी काय शिकते?"

"पुराचं व्यवस्थापन," रंजना म्हणाली.

"म्हणजे पूर आणते का घालवते?"

"दोन्ही नाही," वैशाली म्हणाली. "तो येणार तिथून माणसं बाजूला करते."

"पूर तर वर्षातनं चार दिवस. बाकी दिवस काय?"

"बाकी दिवस लोकांना त्या चार दिवसांची आठवण करून देते."

बाईंना पोरगी आवडली होती, मला दिसत होतं. पण बोलता बोलता त्यांची नजर भिंतीवर गेली. "ह्या रेघा कशाच्या?"

खोटं बोलायला मला श्रीपतअण्णांसारखं उभं राहता येत नव्हतं. मी म्हटलं, "पुराच्या."

त्यांनी मान वर करत करत पाहिलं. त्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि सगळ्यात वरची रेघ त्यांच्या अंबाड्याच्या वर होती. पोह्याची बशी त्यांनी अलगद खाली ठेवली, जशी काही पाणी आत्ताच येतंय. कळवणहून पुन्हा निरोप आला नाही.

रंजना आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही. नवव्या दिवशी म्हणाली, "आत्याबाई, या भिंतीनं माझ्या पोरीचं वाटोळं केलं."

*

दुसऱ्या वर्षी वरच्या ऑफिसातले एक साहेब वर्गाचं काम बघायला यायचे ठरले. त्यांच्याकडं पुराच्या कामासाठी माणसं घ्यायची होती. सरांनी ठरवलं, साहेबांना आधी भीमाबाईंची भिंत दाखवायची. गेरूच्या रेघा आणि वैशालीची वही, शेजारी शेजारी. पोरीचं नशीब त्या भिंतीवर होतं म्हणा ना.

आदल्या दिवशी पहाटे वैशालीनं घरी सांगितलं, "उद्या साहेब येणारेत." रंजनाला एवढंच ऐकू आलं की पाहुणे येणारेत.

मी आणि वैशाली सकाळी वर्गावर गेलो. रंजनानं कारखान्यात खाडा केला, चुना आणला, आणि दुपारपर्यंत सगळं घर आतून पांढरंशुभ्र केलं. आम्ही आलो तर ती हाताला तेल चोळत दारात उभी, तोंडभर हसत. "आता बघू कोण पोहे टाकून जातं."

वैशाली रेघा शोधत भिंतीवरून हात फिरवत राहिली, हाताला नुसता चुना. मी रंजनाला काय बोलणार? तिनं तिच्या परीनं पोरीसाठीच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले, सर आले, पोरं आली. कोऱ्या भिंतीसमोर सगळे उभे. मी गेरू कालवला आणि डोळ्यांनी दिसत नव्हतं तरी हातानं भिंत चाचपत एकेक रेघ पुन्हा ओढली. ही रंजना आली तेव्हाची. ही पाळण्याची. ही नळाची.

साहेब म्हणाले, "आजी, आठवणीवर कागद होत नाही."

"नका करू. वही लावून बघा."

वसंतानं टेप धरला, वैशालीनं वही वाचली. एकेक रेघ जुळत गेली, फार तर बोटाचा फरक. शेवटची रेघ राहिली, मागच्या पावसाळ्यातली. तिथं मात्र वही खाली आणि माझं बोट वर. वीतभर फरक.

साहेब हसले. "इथं आजी चुकल्या."

रंजना इतका वेळ कोपऱ्यात मेल्यासारखी उभी होती. ती पुढं आली, हातात उलथणं होतं. कुणाला न विचारता तिनं माझ्या बोटाशी चुना खरवडायला सुरुवात केली. खालून गेरूची जुनी रेघ निघाली. बरोबर माझ्या बोटाखाली.

साहेबांनी वही मागून घेतली. "ही नोंद कोणाची?"

"माझी," वैशाली म्हणाली.

साहेबांनी मान हलवली आणि ते निघून गेले. सर त्यांच्या मागं गेले. श्रीपतअण्णा दारातून डोकावून म्हणाले, "मी काय सांगत होतो, उभं राहायला जागा बघून राहावं."

त्या दिवशी संध्याकाळी पोरगी जेवली नाही. मी शेजारी बसले. "त्या दिवशी तू मोजलंस तेव्हा घरात गाळ किती होता?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग स्वतःच्या पावलांकडं. मग उठून तिनं फरशीवर वीत ठेवली.

गाळावर उभं राहून मोजलं होतं पोरीनं. माझ्या एका प्रश्नात कळलं, पण साहेब तर गेले होते.

*

तरी मुलाखतीला बोलावलं. तेच साहेब, शेजारी आणखी दोघं. वसंता दाराबाहेर आपल्या नंबराची वाट बघत होता, त्यानं सगळं ऐकलं आणि मला जसंच्या तसं येऊन सांगितलं.

साहेबांनी दुसरं काही विचारलंच नाही. "त्या भिंतीवर चूक कशी झाली, कळलं का?"

"कळलं, सर. घरात वीतभर गाळ होता. मी फरशीपासून मोजायला पाहिजे होतं, गाळापासून मोजलं."

"कुणी दाखवून दिलं?"

"आजीनं. ती झाडलोटीचं काम करते, तिला घराचा तळ माहीत असतो."

"इथून पुढं काय काळजी घ्याल?"

वैशाली म्हणाली, "आधी झाडीन, मग मोजीन."

शेजारचे दोघं हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "पुढचा."

वसंता सांगत होता, आत गेल्यावर साहेबांच्या कागदाकडं त्यानं वाकून पाहिलं. वैशालीच्या नावापुढं एकच शब्द होता: झाडू. त्याच्या खाली दोन रेघा.

आम्ही महिनाभर त्याचा अर्थ लावत बसलो. रंजना म्हणाली, झाडायचंच काम देतील. मी म्हटलं, देऊ देत, मी काय मेले त्यानं?

*

महिन्यानं कागद आला. वैशाली पूर-सहायक म्हणून लागली. वसंताला त्याच्याच सुरगाण्याकडं काम मिळालं. रोहनला एका खासगी कंपनीनं नकाशे करायला घेतलं.

चार महिन्यांनी आम्ही घर बदललं. गंगेपासून लांब, चढावर, दुसरा मजला, भाड्याचं. दोन खोल्या आणि एक खिडकी, खिडकीतून नदी दिसत नाही. मी मुद्दाम विचारून घेतलं, दिसत नाही ना. जुन्या घरातून निघताना मी एकही रेघ पुसली नाही. सरांच्या पोरांना लागतील.

सामान लागल्यावर वैशालीनं मला जमिनीवर पाट टाकून बसवलं. "हात पुढं कर आजी. असा नाही, फुलं वाहायला करतेस तसा." तिनं टेप लावला, भिंतीवर पेन्सिलची खूण केली, आणि देवांची फळी बरोबर तिथं ठोकली.

सत्यनारायणाला सगळ्यांना बोलावलं. देवरे सर आले, वसंता सुरगाण्याहून नागलीचे पापड घेऊन आला, रोहन पेढे घेऊन आला. श्रीपतअण्णाही आले आणि सवयीनं भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

मी त्या दिवशी पूजेला बसले. बसले, असं म्हणायला मला किती वर्षं लागली. देव डोळ्यांसमोर होते. खंडोबाच्या टाकाची मिशी झिजून गेलीय, हे मला त्या दिवशी दिसलं. मोतीबिंदूही काढला होता ना मधे.

सर नमस्काराला वाकले आणि वाकलेलेच राहिले. मला वाटलं कंबर धरली.

मग हळूच म्हणाले, "मावशी, हा कळस कुठला?"

उत्तर रंजनानं दिलं. पदर सावरून, हात जोडून. "गंगामाईनं दिला, सर. मागल्या पुरात गाळात सापडला. तो घरात आला आणि आमचं भाग्य उजळलं बघा. पोरीला नोकरी लागली, हे घर मिळालं. रोज नैवेद्य असतो त्याला."

सरांनी कळसाच्या पोच्यावरून अंगठा फिरवला. हळदकुंकवाचा थर बसला होता त्यावर. त्यांनी एकदा रंजनाकडं पाहिलं, एकदा वैशालीकडं. वैशालीचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. मग सरांनी ताटातलं झेंडूचं फूल उचललं आणि कळसावर नीट, मधोमध ठेवलं.

"रोहन," सर म्हणाले, "इकडं ये, भाऊ. तू पण नमस्कार कर."